मागून येणाऱ्याचा दोर

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत योसेमिटी नांवाचें एक खोरें आहे. त्या खोऱ्यांत एल कॅपिटन नांवाचा ग्रॅनाइट दगडाचा एक प्रचंड कडा उभा आहे. त्याची उंची सुमारें ३,००० फूट असून तो भिंतीसारखा सरळ आहे. माथ्यावर जाण्यास मागच्या बाजूनें पायवाट आहे. तरी कांहीं स्त्रीपुरुष समोरच्या भिंतीनेंच वर चढतात, व त्यांतील पुष्कळांस अनेक दिवस व रात्री कड्यावरच काढाव्या लागतात. पायवाट असतां भिंतीनें कां चढावें, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. तो आमच्याहि मनांत आला; व त्याचा विचार करतांना मनुष्याच्या हेतूंविषयीं जें आम्हांस दिसलें तें मंडळ्यांपुढें ठेवावें असें वाटतें.

प्रथम ह्या कामाची रीत समजून घेऊं. चढणारे बहुधा दोघे असतात. एक पुढें, एक मागें, व दोघांस जोडणारा एक दोर. पुढला चढतांना खडकाच्या भेगांत ठिकठिकाणीं आधार बसवितो व त्यांत आपला दोर अडकवितो. मागला खालीं राहून तो दोर थोडा थोडा सोडीत असतो. पुढल्याचा पाय सुटला तर शेवटच्या आधाराच्या वर तो जितका गेला असेल, त्याच्या दुपटीहून अधिक तो खालीं येतो. आणि मग मागल्यानें रोखलेला दोर त्यास तोलून धरतो. एक टप्पा संपला म्हणजे पुढला मनुष्य एकाहून अधिक आधारांवर भार वांटून दोर पक्का करतो, व मागला खालचे आधार काढून घेत वर येतो. भिंतीवर पाणी मिळत नाहीं. तें दर माणशीं दिवसाला तीन-चार लिटर ह्या हिशेबानें पिशव्यांत भरून दोरानें वर ओढावें लागतें. दिवसांचा हिशेब चुकला तर अर्ध्या कड्यावर तहान गांठते. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्च मोजणाऱ्याचा जो दाखला प्रभूनें दिला, तो येथें सहज आठवतो. ह्या कामास बाहुबळ लागतेंच. परंतु गांठ पुनः पुनः तपासणें, आधार ओढून पाहणें, आणि सोबत्यानें चूक दाखविली असतां राग न मानणें, ह्या गोष्टी त्याहून अधिक लागतात.

ह्या विद्येचा एक आद्य गुरु लोहार होता. जॉन सालाथे हा मूळचा स्वित्झर्लंड देशाचा. कॅलिफोर्नियांत येऊन तो लोहारकाम करी, आणि चाळिशी उलटल्यावर कडे चढूं लागला. त्या काळीं भेगांत ठोकावयाच्या खिळी मऊ लोखंडाच्या असत. ग्रॅनाइटच्या कठीण भेगांत त्या वांकत. सालाथे ह्यानें आपल्या भट्टींत चिवट पोलादाच्या खिळी घडविल्या. त्यांच्या बळावर इ. स. १९४७ सालीं तो व त्याचा सोबती अँटन नेल्सन हे पांच दिवस झटून योसेमिटींतील लॉस्ट ॲरो नामक सुळक्याच्या टोंकावर पोंचले. पुढें इतरांनींहि तशाच खिळी घडविल्या. खेड्यांतील ज्या बंधूंस आपला हातोडा व ऐरण हीं क्षुल्लक वाटतात, त्यांनीं ह्या लोहाराची आठवण ठेवावी.

आतां हेतूकडे वळूं. इ. स. १९५७ च्या जून महिन्यांत त्याच खोऱ्यांतील हाफ डोम नांवाच्या डोंगराची सरळ भिंत रॉयल रॉबिन्स व त्याचे दोन सोबती ह्यांनीं प्रथम जिंकली. वॉरन हार्डिंग ह्याच्याहि मनांत तीच भिंत होती. पण तो मागें पडला. त्यानें पायवाटेनें माथ्यावर जाऊन त्या तिघांचें अभिनंदन केलें. मग जुलै महिन्यांत त्यानें एल कॅपिटनला हात घातला. ह्या चढाईस प्रत्यक्ष कामाचे ४५ दिवस लागले, व ते सोळा महिन्यांत विभागलेले होते. आरंभींचे दोन्ही सोबती शेवटीं त्याच्याबरोबर नव्हते. इतरांनीं येऊन दोर धरला. शेवटच्या रात्रीं हार्डिंग ह्यानें माथ्याखालच्या निराधार खडकांत आपल्या हातानें एकामागून एक २८ भोकें पाडलीं, आणि १२ नोव्हेंबर १९५८ रोजीं पहांटे तो, वेन मेरी व जॉर्ज व्हिटमोर हे वर पोंचले. ह्या पराक्रमाच्या मुळाशीं चढाओढ नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. मनुष्याचा हेतु क्वचितच निर्भेळ असतो. परंतु ईर्षेनें आरंभिलेलें कामहि सोबत्यावांचून शेवटास जात नाहीं, हें ह्या कड्यानें दाखविलें.

दुसरी गोष्ट इ. स. १९७२ ची. पोलादी खिळी वारंवार ठोकल्यानें व काढल्यानें खडकाच्या भेगा फुटून रुंद होत चालल्या होत्या. इव्हॉन शुइनार्ड व टॉम फ्रॉस्ट हे अशा खिळी करून विकीत असत, व त्यांची मोठी मिळकत त्यांतूनच होती. तरी त्यांनीं आपल्याच मालाच्या सूचिपत्रांत गिऱ्हाइकांस विनविलें कीं, खिळी ठोकणें सोडा. भेगेंत हातानें बसवितां व हातानें काढतां येतील असे धातूचे तुकडे वापरा. आपण वर पोंचलों एवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. आपल्या मागून येणाऱ्यास भेग शाबूत मिळावी, हा विचार त्यांनीं आपल्या धंद्यावर घातला.

तिसरी गोष्ट अलीकडची आहे. एल कॅपिटनचा जो भाग उगवत्या सूर्याकडे तोंड करून आहे, त्यास डॉन वॉल म्हणतात. तो केवळ हातापायांनीं चढावा, दोराचा उपयोग पडल्यास सांवरण्यापुरताच करावा, असें टॉमी कॉल्डवेल व केव्हिन जॉर्जसन ह्या दोघांनीं ठरविलें. कॉल्डवेल ह्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीचा भाग इ. स. २००१ सालीं करवतीनें तुटला होता. कित्येक वर्षांच्या तयारीनंतर २७ डिसेंबर २०१४ रोजीं ते निघाले. पंधराव्या टप्प्यावर धार असलेल्या बारीक कंगोऱ्यांनीं जॉर्जसन ह्याच्या बोटांची कातडी फाटली. तो चढे व पडे. कातडी भरून येण्याकरितां विसांवा घेई, आणि पुनः चढून पुनः पडे. असे अनेक दिवस गेले. कॉल्डवेल पुष्कळ पुढें गेला होता, आणि सर्वांत अवघड भाग त्याच्या मागें पडला होता. तो एकटा माथा गांठूं शकला असता. पण तो थांबला व सोबत्याचा दोर धरून राहिला. शेवटीं जॉर्जसन तो टप्पा पार झाला, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं, एकोणिसाव्या दिवशीं, दोघे मिळून माथ्यावर उभे राहिले.

बंधुभगिनींनो, कोणत्या हेतूनें चढाई आरंभिली हें मनुष्य तोंडानें सांगतो. परंतु कोणत्या हेतूनें ती चालली आहे हें मागून येणाऱ्याच्या दोरावरून कळतें. आपल्या मंडळींत उपदेशक पुढें असतो. त्यास शास्त्र वाचतां येतें, गीतें पाठ असतात. त्याच्या मागें तो बंधु असतो, ज्यानें तीनदां दारू सोडली व जो तीनदां पडला. मागें ती भगिनी असते, जिला अक्षर येत नाहीं व प्रार्थनेस येतांच जिचा कंठ दाटतो. अशांकरितां आपण थांबतों काय? कीं वार्षिक अहवालांतील संख्या वाढावी म्हणून दोर सोडून नव्या माणसांमागें धांवतों? बळकटांनीं अशक्तांविषयीं कसें वागावें हें पौलानें रोम येथील मंडळीस लिहिलें. तें आपण दुसऱ्यांस वाचून दाखवितों, तसें स्वतःसहि वाचावें.

आणि जे मागें आहेत त्यांनीं आपणांस हीन मानूं नये. पुढला जेव्हां घसरतो तेव्हां त्यास धरणारा मागलाच असतो. उपदेशकाचें मन खचलें असेल, त्याच्या घरीं आजार किंवा कर्ज असेल, तर मंडळींतील सर्वांत गरीब मनुष्याचा एक धीराचा शब्दहि त्यास तोलून धरील.

म्हणून ह्या आठवड्यांत आपल्यापैकीं प्रत्येकानें अशा एका घरीं जावें, कीं जेथील मनुष्य उपासनेस येईनासा झाला आहे. त्यास बोल लावूं नये. त्याच्याजवळ बसावें, त्याचें ऐकावें, आणि आम्ही तुझ्याकरितां थांबलों आहों, एवढें सांगावें. तसें थांबण्याची सहनशीलता देव आम्हां सर्वांस देवो.