तिसरा सेन्सर मागवू नकोस

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला आणि फोटो मोठे करून नीट पाहिले. चंदनापुरी घाट चढून घारगावला चहाला थांबलीस, गाडी बंद केलीस आणि नंतर सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय, पेटत नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं ठेवल्यावर मात्र एका सेल्फमध्ये चालू. गॅरेजमध्ये क्रँक सेन्सर दोनदा बदलून झाला आणि आता तिसरा मागवायचं चाललंय. मागवू नकोस. फोटोत सेन्सर नवाकोरा दिसतोय, पण त्याच्यावर चढवलेला कपलर जुनाच आहे. प्लास्टिक तपकिरी पडलंय, लॉकची जीभ तुटलीये आणि तो निसटू नये म्हणून कुणीतरी वरून टाय आवळलाय. गाडीचा आजार तिथे आहे.

सॅन स्टॉर्मसारखी गाडी तू हौसेनं घेतलीस याचा मला मनापासून आनंद आहे. 1998 च्या सुमारास गोव्याच्या सॅन मोटर्सनं दोन माणसांची, फायबरग्लास बॉडीची स्पोर्ट्स कार आपल्याकडे बनवायचं धाडस केलं. रेखाटन फ्रान्समधलं, इंजिन रेनोचं 1149 सीसीचं. अशा फार थोड्या गाड्या रस्त्यावर आल्या. म्हणून तिचं वायरिंग कुणाच्याही हाती देऊ नये, असं मला वाटतं. बॉडीचे पार्ट एक वेळ साच्यातून नवे काढता येतील, पण कापून-जोडून खराब केलेलं वायरिंग पुन्हा सरळ करणं महाकठीण. त्यात फायबरच्या बॉडीला अर्थ मिळत नाही. प्रत्येक अर्थ वायरीनंच चासीपर्यंत न्यावा लागतो, त्यामुळे तिथेही ढिलाई चालत नाही.

आता गाडी उभी केल्यावरच का रुसते ते सांगतो. चालत्या गाडीत वारा, पंखा आणि फिरतं पाणी मिळून उष्णता ओढून नेतात. किल्ली फिरवली की पाणी थांबतं, वाराही थांबतो, पण मॅनिफोल्ड तापलेलाच असतो. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान पहिली काही मिनिटं उतरायच्या ऐवजी चढतं. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात बाहेरच चाळिशी ओलांडलेली, वर फायबरचं बॉनेट. पत्र्यातून जशी उष्णता बाहेर जाते तशी त्यातून जात नाही. कपलरचं नायलॉन असं वर्षानुवर्षं भाजून निघतं आणि बिस्किटासारखं ठिसूळ होतं. आतल्या टर्मिनलची पकड हा तर त्याहून नाजूक भाग. पितळी पट्टीचा ताण उष्णतेनं कमी होतो, ती पिनेला घट्ट धरत नाही, इंजिनच्या थरथरीनं दोन्ही एकमेकांवर घासतात आणि मुलाम्यावर काळा थर बसतो. गार असताना कसाबसा संपर्क होतो, तापल्यावर तुटतो. क्रँकचा सिग्नल गेला की इंजिनचा कॉम्प्युटर ना ठिणगी देतो, ना पेट्रोल.

सेन्सरच्या आतली वायर तापल्यावर तुटते, असंही होतं. म्हणून अंदाजावर जाऊ नकोस, मोजून बघ. गाडी गरम असताना आणि चालू होत नसतानाच मीटर लाव. बॅटरीची निगेटिव्ह काढ, कॉम्प्युटरचा सॉकेट सोडव आणि त्या टोकाकडून क्रँक सेन्सरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स बघ. काही शे ओहम स्थिर दिसायला हवेत. दुसऱ्या कुणाला तरी कपलर हलक्या हातानं हलवायला सांग. आकडा उड्या मारत असेल, तर कपलर काढून थेट सेन्सरच्या पिनांवर मोज. तिथे आकडा स्थिर असेल तर सेन्सर निर्दोष आहे.

पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरचा कपलरही त्याच वेळी तपास. त्या सेन्सरचा रेझिस्टन्स गार असताना दोन-तीन हजार ओहम आणि नव्वद अंशांना दोन-तीनशेच्या घरात असतो. ढिल्या पिनेनं त्यात आणखी दोनशे ओहमची भर घातली, की इंजिन पुरतं तापलेलंच नाही अशी कॉम्प्युटरची समजूत होते आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. तुझे प्लग काळे निघाले होते ना? त्याचं कारण हेही असू शकतं.

दुरुस्ती घाईनं करायची नाही. आधी सगळ्या वायरींचे रंग आणि जागा यांचे फोटो काढ. वायर धरून कपलर ओढायचा नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेअर ड्रायरनं कपलर थोडा कोमट कर, म्हणजे प्लास्टिक तडकत नाही. नवा कपलर सीलसकट घे. जुनी वायर मागे मागे कापत जा, आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं टर्मिनलमध्ये दाबून उपयोग नाही. एका वेळी एकच वायर काप आणि जोड दे, आणि सगळे जोड एका रेषेत येऊ देऊ नकोस, नाहीतर गाठोडं होतं. घरगुती फिटिंगची वायर तिथे अजिबात घालू नकोस. 125 अंश सोसणारी, गाडीसाठीचीच वायर घे. जोड क्रिंप करून वर गोंदाची स्लीव चढव. इन्सुलेशन टेप इंजिनजवळ वितळून चिकट राड होते.

ऑक्सिजन सेन्सरच्या वायरींना मात्र डाग देऊ नकोस आणि त्याच्या कपलरमध्ये स्प्रे किंवा ग्रीस मारू नकोस. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या आतूनच मिळते.

एवढं करूनही काम अर्धंच राहील, आणि गॅरेजवाले नेमके इथेच थांबतात. कपलर मुळात का भाजला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुझ्या दुसऱ्या फोटोत मॅनिफोल्डजवळ दोन रिकामे बोल्ट दिसतायत. तिथे उष्णता अडवणारा पत्रा असणार, आणि सायलेन्सरच्या कामात कुणीतरी तो काढून टाकला असणार. तो पत्रा बनवून घे, पण मॅनिफोल्डला टेकवू नकोस; मध्ये हवा खेळली पाहिजे. वायरिंग तिथून शक्य तेवढं लांब ने, फायबरग्लासच्या स्लीवमध्ये घाल आणि क्लिपनं बांध.

जुन्या गाड्या बऱ्या होत्या, असं तू लिहिलंयस. आपल्या नगरच्या टँक म्युझियममधली रोल्स-रॉईसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी बघ, तिच्यात एकही सेन्सर नाही, हे खरं. पण जुन्या गाड्यांतही वायरी होत्या, त्याही भाजायच्या, आणि दोष हातानं चाचपूनच शोधावा लागायचा. तुझ्याकडे निदान आकडा दाखवणारं मीटर आहे.

कापलेला कपलर फेकू नकोस. पाकिटात घालून रविवारी घेऊन ये. पिनांची रुंदी आणि सीलचं माप घेतलं की तोच साचा दुसऱ्या कुठल्या गाडीत वापरलाय ते बघता येईल, आणि मग पुण्याच्या मार्केटला फोन करू. गरम असतानाचे दोन्ही आकडे कागदावर लिहून आण.

तुझा,
मामा