कान्होबांचा वाटा

गेल्या कार्तिकीला आळंदीत एक तरुण कीर्तनकार भेटला. वय चोवीस. वारकरी शिक्षण संस्थेतली चार वर्षे पुरी करून नुकताच बाहेर पडलेला, आवाज गोड, पाठांतर चोख. पाया पडून म्हणाला, "महाराज, एक विचारू का? म्हातारपणासाठी आत्तापासून पैसे बाजूला ठेवायचे म्हणतो. पण बरोबरची मुले हसतात. म्हणतात, पांडुरंगावर भरवसा नाही का तुझा?"

मी त्याला तेथे उत्तर दिले नाही. घाटावर गर्दी होती हे एक. दुसरे असे, की या प्रश्नाचे उत्तर मी चाळीस वर्षे उभ्या मंडपात चुकीचे देत आलो. ते कबूल केल्यावाचून त्याला काय सांगणार?

माझे उत्तर अजगराचे असे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत अजगर आहे. तो अन्नासाठी धावत नाही, आपोआप समोर येईल ते घेतो, न आले तर पडून राहतो. त्याच ओळीत मधमाशी येते. ती साठवते, आणि साठवलेल्या मधापायीच नागवली जाते. नाथमहाराजांनी हे सारे मराठीत असे फुलवले आहे की निरूपणाला बसलेला माणूस घरी जाऊन पेटी उघडायला लाजावा. मी हा प्रसंग लावला की मंडप डोलत असे.

माझ्या ध्यानातून एवढेच निसटले, की बोलणारा अवधूत आहे. त्याला घर नाही, बायको नाही, मागे उभे टाळकरी नाहीत. ऐकणारा राजा आहे, त्याची कोठारे भरलेली. आणि ज्यांनी टीका लिहिली ते नाथ पैठणात प्रपंच करीत होते, त्यांच्या दारी आल्यागेल्याची पंगत बसे. पंगतीचे तांदूळ आदल्या दिवशी घरात असावे लागतात. नाथांची आणखी एक कथा आपण सांगतो: देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागवली. आपण ती एकाग्रतेसाठी सांगतो आणि पुढे जातो. पै सापडेपर्यंत ते उठले नाहीत, यावर कोणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

आता माझी गोष्ट. मृदंगाला माझ्याबरोबर सव्वीस वर्षे एकच माणूस होता. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. आमच्याकडची रीत अशी, की सप्ताहवाले पाकीट कीर्तनकाराच्या हाती देतात आणि मृदंगवाल्याचे, गायकाचे त्याने द्यायचे. मी साठीला टेकलो होतो तेव्हाची गोष्ट. एका गावी काल्याचे कीर्तन झाले. सभामंडपाचे काम पैशांअभावी अडले होते. मी हातात आलेले पाकीट तेथेच उघडले, पाच हजार मोजले आणि सगळे देवळाला परत दिले. हरिनामाचा मोठा गजर झाला. म्हातारी माणसे पायावर पडली. माझ्या मागे तो मृदंगाला गवसणी घालीत होता.

परतताना एस.टी. स्टँडवर त्याने माझ्याकडे तिकिटापुरते पैसे मागितले. मी दिले. मनात काही आले नाही. उलट रस्ताभर तो गजर कानात होता.

पुढल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. डावा हात गेला, कणीक लावतात त्या बाजूचा. मी भेटायला गेलो. त्याच्या बायकोने चहा दिला आणि औषधाला दोन हजार उसने मागितले. माझ्यापाशी परतीच्या गाडीभाड्याएवढे होते. घरीही नव्हते. मी म्हणालो, "पांडुरंग करील." ती बाई काही बोलली नाही. कपबशी उचलून आत गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. तुकोबांच्या चरित्रातला, मी शेकडो वेळा लावलेला प्रसंग आठवला. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, घरातली माणसे गेली, सावकारीचे दिवाळे निघाले, आणि तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. लोक एवढेच सांगतात. पण परंपरेतली कथा पुरती तशी नाही. बुडवण्याआधी खतांचे दोन वाटे झाले. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. आपला वाटा तेवढा तुकोबांनी डोहात सोडला. कान्होबांचा वाटा त्यांनी बुडवला नाही. वैराग्य त्यांचे होते, भावाचे नव्हते, आणि दुसऱ्याच्या अन्नावर आपले वैराग्य करायचे नसते एवढा हिशेब त्या क्षणीही त्यांना सुटला नव्हता.

मी देवळाला दिलेल्या पाच हजारांत हजार त्याचे होते.

कोणी म्हणेल, महाराज, मुळात कीर्तनाचा मोबदलाच घेऊ नये असे तुकोबांचे सांगणे आहे. आहेच. त्यातून अर्थ काढून सुटका करून घेण्याची विद्या मला येते, पण करणार नाही. मी घेतला. शेती दोन एकर कोरडवाहू, वर्षातले आठ महिने गावोगाव, घेतल्याशिवाय चूल पेटत नव्हती. घेतला ही एक उणीव झाली. घेऊन तो माझ्या एकट्याचा समजलो आणि उधळण्याला निष्ठा म्हणालो, ही त्याहून मोठी. माझे म्हातारपण मी पांडुरंगावर सोडले म्हणत असे. खरे पाहता मी ते मुलावर, सुनेवर आणि त्या मृदंगवाल्यावर सोडले होते, त्यांना न विचारता.

तेव्हापासून पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली. साठ हप्ते पुरे झाले की पुन्हा नवी. मृदंगाला जो कोणी असेल त्याचे पैसे आधी वेगळे काढायचे, मग आपले मोजायचे, हा नेम केला. एकदा मध्येच जास्त व्याजाच्या लोभाने थोडी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली, ती गेलीच. अध्यक्षांच्या गळ्यात माळ होती, एवढीच मी चौकशी केली होती. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेला ते नसते, हे मला नंतर कळले. माळ पाहून नमस्कार करावा. ठेव ठेवताना कागद पाहावा.

मग २०२० साल आले. आषाढीला पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. मंडप बंद, सप्ताह बंद. चाळिशीतले, चांगले नावाजलेले कीर्तनकार किराणा उधारीवर आणू लागले. वादकांची दशा सांगवत नाही. माझे त्या दोन वर्षांत अडले नाही. यात माझी पुण्याई काही नव्हती, पोस्टाचे पुस्तक होते.

त्या मुलाला मी पुढे पत्राने उत्तर लिहिले. सरकारची अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयाच्या माणसाला खुली आहे, आयकर भरणाऱ्याला मात्र नाही. साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात, आपल्यामागे तेवढेच जोडीदाराला. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी धरली तर महिना २१० रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी तेच १,४५४ होतात. निवृत्तिवेतन एकच, फरक फक्त उशिराचा. पण त्यालाच हेही लिहिले की एवढ्यावर विसंबू नकोस. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. तू साठीचा होशील ते छत्तीस वर्षांनी, म्हणजे भाव आठपट. तेव्हाच्या पाच हजारांत आजच्या सव्वासहाशेचे सामान येईल. म्हणून जोडीला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते काढ. पंधरा वर्षे ते सहजासहजी मोडता येत नाही, आणि आपल्यासारख्या भोळ्या माणसाला तीच त्याची सोय आहे. आणि तुझ्या मृदंगवाल्यालाही फॉर्म भरायला लाव. त्याला लिहिता येत नसेल तर तू भर.

किती ठेवले म्हणजे पुरे, हे मला नेमके सांगता येत नाही. मधमाशीचे निरूपण मी टाकलेले नाही. तीन तीन ठेवी असून मोतिबिंदू काढायला पैसे मोडवत नाहीत अशी म्हातारी माणसे मला ठाऊक आहेत. त्यांचा मध कोण नेणार हे नामनिर्देशनाच्या रकान्यात लिहिलेलेच असते. मी आपला स्वतःपुरता असा अंदाज धरला, की मी अंथरुणाला खिळलो तर सुनेला कोणापुढे हात पसरावा लागू नये. त्यापलीकडचे आपले नव्हे.

२०२३ साली साठलेले तीन लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. दर ८.२ टक्के होता, म्हणजे दर तीन महिन्यांनी ६,१५० रुपये येतात. घरच्यांना विचारून (या वेळी विचारून) त्यातले निम्मे मी मृदंगवाल्याला देतो. त्याला श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार मिळतात. नाव मोठे बोलके आहे. आंधळ्या आईबापांची कावड आता सरकारच्या खांद्यावर आली, इतका काळ बदलला.

हे निम्मे तो घेतो. पण त्या पाकिटातले हजार रुपये मी दोनदा वेगळे नेऊन त्याच्यापुढे ठेवले, ते त्याने घेतले नाहीत. उजव्या हाताने माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "ते आपण देवळाला दिले ना, महाराज."