शिकवणाऱ्याचे कर्म कोठे घडते?

एखादे कर्म कोणाचे, या प्रश्नाला ‘ज्याने केले त्याचे’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी पुरते. परंतु शिकवणे हे असे कर्म आहे की, ते घडले की नाही हे करणाऱ्याकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही, कारण शिकणाऱ्यात काही पालटले तरच शिकवणे झाले असे म्हणता येते. या पेचाचा विचार करण्यासाठी स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात १९८० साली जन्मलेल्या हुआन कार्लोस फेरेरो या टेनिसपटूची कारकीर्द विशेष उपयोगी आहे, कारण ज्या शिखरावर तो स्वतः पोहोचला, त्याच शिखरावर त्याने पुढे दुसऱ्याला नेले.

खेळाडू म्हणून फेरेरोची कीर्ती मुख्यतः मातीच्या कोर्टवरची. २००२ साली फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात आल्बर्ट कोस्टाकडून हरल्यानंतर पुढच्याच वर्षी त्याने मार्टिन व्हेर्केर्कला सरळ तीन सेटमध्ये हरवून ते विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कला यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत आंद्रे अगासीवर मात केल्याने जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान त्याच्यासाठी निश्चित झाले. मात्र ते प्रत्यक्ष हाती आले, तेव्हा आदल्याच दिवशी तो अँडी रॉडिककडून अंतिम सामना हरलेला होता. हे स्थान आठ आठवडे टिकले. २००४ साली कांजिण्या आणि पाठोपाठ मनगट व बरगडीच्या दुखापती झाल्या, आणि त्यानंतर २०१२ साली व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेत निवृत्त होईपर्यंत तो ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पुन्हा पोहोचला नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्माचा आधार असलेले शरीर, कर्ता, करण, म्हणजे इंद्रियादी साधने, निरनिराळ्या चेष्टा, म्हणजे हालचाली व प्रयत्न, आणि पाचवे दैव. या मांडणीचा रोख असा की, ‘मी केले’ असे म्हणणारा पाचांपैकी एकालाच संपूर्ण कर्म बहाल करतो. नुकताच अग्रस्थानी राहून आलेला आणि कांजिण्यांनी आडवा पडलेला खेळाडू हे या विचाराचे अगदी ठळक उदाहरण म्हणता येईल: कर्ता तोच, कसब तेच, आणि तरी अधिष्ठान डळमळताच कर्म थांबते. म्हणून खेळाडू असताना कर्म आणि फळ दोन्ही फेरेरोचे होते व प्रशिक्षक झाल्यावर ती दुसऱ्याकडे गेली, ही समजूत मुळातच चुकीची ठरते. फळावरची मालकी पहिल्या अवस्थेतही पक्की नव्हती.

उरतो तो कर्माचा प्रश्न, आणि येथे अ‍ॅरिस्टॉटलची मदत अधिक होते. ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो म्हणतो की, शिकवणे आणि शिकणे या दोन वेगळ्या घडामोडी नसून एकाच घडामोडीची दोन वर्णने आहेत, आणि ती घडामोड शिकणाऱ्याच्या ठायी घडते. थीब्जहून अथेन्सला जाणारा आणि अथेन्सहून थीब्जला येणारा रस्ता एकच असतो, हा त्याने दिलेला दाखला. याचा अर्थ असा की, आपली क्रिया दुसऱ्याच्या ठायी असणे हे गुरूच्या क्रियेतले उणेपण नव्हे. तिचे स्वरूपच तसे आहे.

२०१८ साली कार्लोस अल्काराझ पंधरा वर्षांचा असताना फेरेरोने त्याला हाताशी घेतले. २०२२ च्या यूएस ओपनमध्ये, प्रेक्षकांतील जागेवरून प्रशिक्षकाने सूचना देण्याची मुभा पुरुषांच्या टेनिसमध्ये नुकतीच प्रायोगिक स्वरूपात मिळाली होती, तीही मोजून मापून: खेळाडू प्रशिक्षकाच्या बाजूच्या टोकाला असेल तेव्हाच बोलायचे, तेही चार शब्द, संभाषण नाही. त्या स्पर्धेत कॅस्पर रूडला हरवून एकोणिसाव्या वर्षी अल्काराझ क्रमवारीत पहिला आला, त्या स्थानावर पोहोचलेला सर्वांत तरुण पुरुष ठरला. त्या चार शब्दांत शिकवणे शोधणाऱ्याला फारसे काही सापडणार नाही. ते आधीच्या चार वर्षांत अल्काराझच्या हातापायांत घडून गेले होते.

तरीही एक अडचण राहते. अ‍ॅरिस्टॉटलच्याच मते घडवणाऱ्याकडे ते रूप आधी प्रत्यक्षात असावे लागते. ज्याला येत नाही तो शिकवू शकत नाही. फेरेरो विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपलीकडे कधी गेला नाही, आणि त्याच्या शिष्याने २०२३ साली तेथे जोकोविचला पाच सेटमध्ये हरवले. याचे उत्तर असे दिसते की, गुरूकडे असावे लागते ते विजेतेपद नव्हे, तर कशाला किती किंमत द्यायची हे जाणणे: अंतिम सामना हरल्यावर पुन्हा उभे राहणे, शिखर अल्पकाळ टिकते हे अंगावर घेतलेले असणे. शिष्याकडून पराजयाची इच्छा धरावी, हा आपल्याकडचा जुना संस्कार या दृष्टीने केवळ औदार्याचा राहत नाही, तो शिकवण्याच्या घडणीतूनच निघतो.

सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदांनंतर डिसेंबर २०२५ मध्ये दोघे वेगळे झाले, आणि आपल्याला पुढे काम करायला आवडले असते, असे फेरेरोने जाहीरपणे सांगितले. या खंतेला फलासक्ती म्हणणे अन्यायाचे होईल. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवले आहे की, उपकार घेणाऱ्यापेक्षा करणाऱ्याचे प्रेम अधिक असते, जसे कारागिराचे आपल्या कृतीवर असते, कारण त्या कृतीत तो स्वतः कार्यरूपाने असतो. फळाचा हक्क सोडता येतो, गीता तो सोडायलाच सांगते; पण ज्याच्या ठायी आपली क्रिया घडली, त्याच्याविषयीची ओढ फळाच्या हिशेबात बसत नाही, आणि करार संपल्याने ती संपावी असे दोन्ही परंपरांपैकी कोणीही सांगितलेले नाही.