स्वतःची एक घटका

मे महिन्याची सुट्टी लागली, की मुंबई, बेळगाव, कारवार येथील कितीतरी कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनासाठी गोव्यात येतात. मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या अग्रशाळेतील एकाच खोलीत तीन पिढ्या उतरतात. अभिषेकाची वेळ गाठायची असते, मुलांना न्हाऊ घालायचे असते, वृद्धांची औषधे सांभाळायची असतात. घरी नित्य पहाटे आसने व प्राणायाम करणारा माणूस अशा वेळी संकोचून स्वतःला विचारतो : सर्वांसाठी काढलेल्या या चार दिवसांत स्वतःसाठी एक घटका, अवघी २४ मिनिटे, मागणे हा स्वार्थ तर नव्हे?

चार दिवस नेम मोडला तर काय बिघडले, असे सोपे उत्तर यावर मिळते. त्यात तथ्य नाही असे नाही. ज्या नेमापायी घरच्यांना वेठीस धरावे लागते, तो नेम नव्हे, हट्ट होय. तथापि प्रवासाचा शीण, अवेळी जेवण आणि जागरण यांमुळे शरीरमनाच्या निगेची खरी गरज याच दिवसांत असते. थकलेला मनुष्य क्षुल्लक कारणावरून मुलांवर खेकसतो. त्याने स्वतःसाठी काही घेतले नाही, म्हणून कुटुंबाला अधिक मिळाले असे होत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार, विहार, निद्रा व जागृती यांत प्रमाण राखणाऱ्याला योग साधतो, असेच सांगितले आहे. विहार तेथे वर्ज्य नाही.

तेव्हा घटका मागण्यात दोष नाही. खरा प्रश्न असा, की ती घटका येते कोठून? पुरुष पहाटे ओसरीवर डोळे मिटून बसतो, तेव्हा आत अंथरुणे गुंडाळणे, मुलांना उठवणे, चहाची सोय पाहणे ही कामे थांबलेली नसतात. ती बहुधा त्याची पत्नी किंवा आई करीत असते. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगताना आसनाला तिसरे स्थान दिले आणि पहिल्या अंगात, म्हणजे यमांत, अस्तेयाचा समावेश केला. अस्तेय म्हणजे चोरी न करणे. दुसऱ्याचे द्रव्य घेणे ही चोरी, तर दुसऱ्याचा विसावा न विचारता घेणे ही चोरी नव्हे काय?

यावर कोणी म्हणेल, की तीच म्हणते, "मला कशाला हवा वेळ? तुम्ही बसा." ती हे मनापासून म्हणत असेलही. परंतु आपण तिच्या त्यागाची स्तुती करतो, आणि त्या त्यागाचा लाभही आपल्यालाच होतो. जी स्तुती आपल्या सोयीची असते, तिच्याविषयी सावध राहणे बरे.

उपाय साधा आहे : पाळी लावावी. आज जो ओसरीवर बसला, त्याने उद्या मुलांना न्हाऊ घालावे. तिला आसनेच करावयाची असतील असे नाही; कोणाच्याही हाकेविना देवळाच्या तळीच्या पायरीवर स्वस्थ बसणे हीही निगाच होय. त्या दिवशी चहाला थोडा उशीर होईल, एखाद्या मुलाचा भांग वाकडा राहील. तेवढे आनंदाने सोसणे, हा त्या दिवशीचा आपला योगाभ्यास समजावा.