न घडलेल्याचा पुरावा

आमच्या जिल्ह्यात पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी, जिंतूरकडचे येलदरी धरण आणि उन्हाळ्यात तळ दाखवणारी विहीर. समुद्र पाहायचा तर रात्रभर बसमध्ये बसावे लागते. अशा परभणीतला आमचा भाचा मालवणजवळच्या तारकर्लीला गेला आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरायला शिकला. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या मनगटावर जाडजूड घड्याळासारखे एक यंत्र होते. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. सोबतचे पुस्तक इंग्रजीत, म्हणून ते घेऊन तो आमच्याकडे आला. आम्ही उर्दू शाळेचे मास्तर. इंग्रजी आमचेही बेताचेच. पण मामूला येत नाही असे भाच्यासमोर कसे म्हणायचे?

अंगणात बादली भरून आम्ही यंत्र तिच्यात बुडवले. पाणी लागताच ते जागे झाले. बटणे दाबत, पाने उलटत तीन संध्याकाळी गेल्या. हळूहळू उलगडत गेले ते असे. समुद्रात दर दहा मीटरला वरच्या हवेइतका आणखी एक दाब अंगावर येतो. त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, अंग बधिर होते, लकवा भरू शकतो, जीवही जाऊ शकतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून सुखरूप वर येण्याचे तक्ते १९०८ साली प्रसिद्ध केले. पुढे पाणबुडे त्या धर्तीचे तक्ते पाठ करून खाली उतरू लागले. १९८३ मध्ये 'एज' नावाचे यंत्र बाजारात आले आणि हा हिशेब पाण्यातच, क्षणाक्षणाला होऊ लागला. अठरा मीटरवर जवळपास तासभर थांबता येते, तीस मीटरवर मात्र वीस मिनिटांच्या आसपासच, हे आता पडदाच सांगतो.

तिसऱ्या संध्याकाळी भाच्याने आम्हाला एक गोष्ट समजावली. तो म्हणाला, "मामू, इसकू पानी मालूम है, मेरा बदन मालूम नै." खरेच होते. यंत्र फक्त खोली आणि वेळ मोजते. त्यावरून ते एका कल्पित शरीराचा हिशेब मांडते. आपण रात्री झोपलो की नाही, पाणी पुरेसे प्यालो की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून त्यात अधिक सावधपणाची एक पायरी ठेवलेली असते आणि ती आपल्या हाताने निवडायची असते. शिवाय दोघांत एक यंत्र चालत नाही. दोघे सोबत उतरले तरी एक जण दोन मीटर खाली असतो, एक वर. ज्याचा हिशेब त्याच्याच मनगटावर.

हे सारे आम्ही शिकलो, भाच्याला शाबासकी दिली आणि विसरून गेलो.

पुढे आमच्या भाचीची मंगनी ठरली. रविवारी दुपारी पाहुणे नांदेडहून येणार होते. भाचा मालवणला होता. लागोपाठ चार दिवस तो पाण्यात उतरत होता आणि शनिवारी दुपारी तीनला शेवटची फेरी आटोपून वर आला. संध्याकाळची बस धरली असती तर वेळेत पोचला असता. त्याऐवजी त्याचा फोन आला. यंत्रावर विमानावर फुली मारलेले चित्र दिसत होते. अनेक फेऱ्यांनंतर निदान अठरा तास उंचावर जाऊ नये, असा सल्ला आहे. आम्ही चिडून म्हणालो, "अरे, तुला विमानात कोण बसवतंय? बसने ये!" तो म्हणाला, बस आंबोली घाटाने जाते. आंबोली जवळपास सातशे मीटर उंचीवर आहे आणि तो सल्ला सहाशे मीटरपासूनच लागू होतो.

"तुला काही होतंय का?" आम्ही विचारले.

"कुछ नै होरा मामू. येच तो बात है."

"मग ये. बाजीची इज्जत बघ. एकुलता एक भाऊ आहेस."

तो आला नाही. मंगनी त्याच्याविना झाली. आमची बाजी स्वयंपाकघरात रडली. पाहुण्यांतला एक बुजुर्ग हसत म्हणाला, घड्याळाने मुलाला अडवले. आम्हीही हसलो.

रात्री मात्र झोप लागेना. ज्या पुस्तकाची पाने आम्हीच उलटली होती, त्यातले शब्द गैरसोय होताच आम्ही बाजूला सारले होते. आमच्याकडे पुरावा काय होता? मुलगा ठीक वाटतो, एवढाच. आणि त्याच्याकडे? त्याच्याकडेही नव्हता. तो आला असता आणि बहुधा काही झालेही नसते. मग आम्ही शहाणे ठरलो असतो. तो थांबला, काही झाले नाही, आणि तो वेडा ठरला. धोक्याची सूचना पाळणाऱ्याची ही जुनीच अडचण आहे. न घडलेल्या अपघाताचा पुरावा कुणालाच दाखवता येत नाही. पाळली तर कौतुक नाही. न पाळता निभावले तर मर्दुमकी.

मग यंत्र म्हणेल ते सत्य मानून डोळे मिटावेत काय? तेही नाही. त्याला आपले शरीर ठाऊक नाही, हे भाच्यानेच सांगितले होते. आम्हाला वाटते, उत्तर त्या सावधपणाच्या पायरीतच आहे. यंत्र जितके सांगते त्याहून जास्त जपण्याची मुभा माणसाला आहे. कमी जपण्याची नाही. आज थकलो आहोत, लवकर वर येऊ, असे म्हणणे हा विवेक. आज बरे वाटते, यंत्र चुकत असेल, असे म्हणणे ही सोयीची पळवाट. दोन्हीकडे माणूस आपलेच मत चालवतो, पण पहिल्यात तो स्वतःची सोय सोडतो आणि दुसऱ्यात अमानत म्हणून मिळालेला जीव पणाला लावतो. आम्ही तर त्याहून वाईट केले. आमच्या इज्जतीसाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावायला निघालो होतो.

भाचा सोमवारी आला. बहिणीसाठी मालवणी खाजा घेऊन आला. बाजी त्याच्याशी तासभर बोलली नाही. मग तिने विचारले, "आ जाता तो कुछ होता क्या?"

तो म्हणाला, "मालूम नै, अम्मी."

आमच्याकडे त्याहून चांगले उत्तर नव्हते. फोनवर जे बोललो त्याबद्दल आम्ही सर्वांसमोर त्याची माफी मागितली. बाजीने डोळे पुसले आणि त्याच्यासाठी झाकून ठेवलेली मंगनीची मिठाई पुढे केली.