इंजिनाचं पाणी

वसईजवळच्या पापडीत एक आजोबा आणि त्यांचे दोन नातू राहत. एका डिसेंबरात तिघं जण जीप घेऊन जव्हारला तंबू ठोकून राहायला निघाले.

धाकट्याने गाडीच्या मागच्या बाजूला वीस लिटरची टाकी बसवून घेतली होती. टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं होतं आणि हीटरच्या पाइपातून काढलेल्या फाट्याने इंजिनाचं गरम पाणी त्या वेटोळ्यातून फिरत होतं. अंघोळीचं पाणी नळीच्या बाहेर, इंजिनाचं आत. दोन्ही एकमेकांत मिसळत नव्हती. टाकीला जाड आच्छादन होतं आणि वाफ कोंडू नये म्हणून झडपही होती.

थोरल्याला हा खटाटोप पटला नव्हता. "इंजिनात पाणी गरम असतंच की! तिथे गेल्यावर काढू," तो म्हणाला.

मनोर, विक्रमगड मागे टाकून गाडी जव्हारला पोचली, तोवर दिवस मावळला होता. गारठा चांगलाच जाणवू लागला. टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापलं होतं. त्यात दीडपट विसण घातलं, तरी ते अंगावर घेण्याजोगं ऊन राहिलं. वीस लिटरांचं पन्नास लिटर झालं! आजोबांची आणि धाकट्याची अंघोळ झाली, भांडी निघाली, टाकी रिकामी झाली. थोरल्याला आणखी पाणी हवं होतं. त्याने बॉनेट उघडलं, फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

आजोबांनी त्याचं मनगट धरलं. "अरे, हे चुलीवरचं पातेलं नव्हे. आत दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण सैल झालं की ते उसळून तोंडावर येतं. शिवाय त्यात कूलंट आहे. ते विषारी असतं."

थोरला मागे सरला. पण सकाळी उठल्यावर त्याने दुसरी युक्ती काढली. टाकी भरली, गाडी जागेवरच चालू केली आणि वाट पाहत बसला. थंड इंजिनाचं लोखंडच आधी तापायला हवं, त्यामुळे पंधरा मिनिटांनी पाणी जेमतेम कोमट झालं. धूर मात्र तंबूत शिरला.

आजोबा खोकत बाहेर आले आणि त्यांनी गाडी बंद करायला लावली. मग शांतपणे सांगू लागले.

"आपल्या वाडीत आधी रहाट होता. पुढे बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, डिझेल इंजिन आलं. पंप पाणी ओढायचा, त्यातलंच थोडं इंजिनाच्या अंगातून फिरून त्याला थंड करायचं आणि बारीक नळीतून ऊन ऊन बाहेर पडायचं. केळीला पाणी लावलं की आम्ही पोरं त्या नळीखाली बसायचो. बायका कपडे तिथेच धुवायच्या. पण अंघोळीसाठी म्हणून कुणी कधी इंजिन लावलं नाही. पाणी केळीसाठी निघायचं, त्यात आमची अंघोळ होऊन जायची."

या गोष्टीचं सार मला आजोबांच्या या बोलण्यातच दिसतं. कामाच्या ओघात जे वाया जातं ते जरूर उचलावं, पण ते हाती यावं म्हणून काम उकरून काढू नये. गाडीत जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेतला ढोबळमानाने फार तर तिसरा हिस्सा चाकं फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची बरीचशी उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. तिचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात. गाडी नुसती उभी ठेवून इंजिन चालवलं, तर पैसे नव्याने मोजावे लागतात.

दुपारी दाभोसा धबधबा पाहायला निघायचं होतं. निघण्याआधी थोरल्याने, कुणी न सांगता, टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी तंबूवर परतल्यावर त्याने पहिली बादली आजोबांना दिली.

तुमच्यापैकी कुणाला अशी टाकी गाडीत बसवायची असेल, तर ती जाणकार मेकॅनिककडूनच बसवून घ्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. तंबूशेजारी किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला ना रंग असतो, ना वास.