उपऱ्याचा जामीन कोण?

आजचे वचन : निर्गम २३:९



उपऱ्याला छळू नका, असं देव इस्राएल लोकांना सांगतो आणि कारणही देतो. मिसरात राहून आलात ना? मग उपऱ्याच्या मनात काय चालतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मुंबईतल्या यहुदी लोकांनी हे वचन सही करून पाळलं. हिटलरच्या छळामुळे जर्मनीतून यहुदी पळू लागले, तेव्हा १९३४ मध्ये इथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. इंग्रज सरकारला भीती होती की हे लोक आपल्यावर भार होतील. संस्थेने हमी दिली, यांचा भार आम्ही उचलू. १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून यातल्या अनेकांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं. ज्यांच्यापासून पळाले, त्यांच्यातलेच ठरले! तेव्हाही संस्थेने सरकारपुढे त्यांची बाजू मांडली. अमेरिकेतली हायस ही जुनी यहुदी संस्था तर आज यहुदी नसलेल्या निर्वासितांसाठीही काम करते.

आता माझं सांगतो. इंजिनिअरिंग करून भंडाऱ्याहून पुण्याला गेलो, तेव्हा ओळख नाही म्हणून खोली मिळेना. मंडळीतले एक काका घरमालकाला म्हणाले, "पोरगा माझाच समजा."

आता वर्क फ्रॉम होममुळे मी घरीच असतो. मागच्या आठवड्यात राईस मिलमध्ये कामाला आलेल्या बिहारच्या एका भावाने खोलीसाठी माझी ओळख मागितली. मी म्हटलं, "बघू." आणि दोन दिवस त्या गल्लीने गेलोच नाही.

मनाला समजावायला वचनही सापडलं. परक्याला जामीन राहणं महागात पडतं, असं नीतिसूत्रे ११:१५ सांगतं. पण इब्री ७:२२ मध्ये येशूच आपला जामीन झालाय. त्याने माझं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन केलं असतं, तर मी पहिल्याच राउंडला बाहेर!

नीतिसूत्र खोटं नाही. म्हणून आज संध्याकाळी आधी त्या भावासोबत चहाला बसणार, नीट विचारपूस करणार आणि मग त्याच्यासोबत घरमालकाकडे जाणार.

प्रियांनो, तुम्ही कोणाला "बघू" म्हणून टाळलंय?

प्रार्थना : हे प्रभू, मीही कधी उपरा होतो, हे मला विसरू देऊ नकोस. आमेन.